निवळत जाणारी कुपी

अन्वय आणि तारा,

मागच्या रविवारी फोनवर मामाने तुम्हाला सांगितलं की आजीने एकदा भर ऑपरेशनमध्ये सर्जनला थांबवलं. तुम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. मला ते तितकंसं बरं वाटलं नाही. मामाच्या गोष्टीत मी शूर आहे. त्या दुपारी मी शूर नव्हते. माझे हातमोजे आतून ओले झाले होते. आता त्या ट्रायलचा शेवटचा रिपोर्ट गेला आहे, त्यामुळे पेशंटचं नाव बदलून बाकीचं सांगायला हरकत नाही. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला घेतलं की माझ्या हातून रिपोर्टच होतो. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

तर, माझ्यासमोर बर्फाच्या भांड्यात एक कुपी होती. बोटाच्या पेराएवढी. तिच्यात एका बाईच्या मांडीच्या स्नायूतून वेगळे काढलेले मायटोकॉन्ड्रिया होते, आणि भिंतीपलीकडे ती बाई ऑपरेशन टेबलवर त्यांची वाट पाहत होती. माझी सही झाली की कुपी आत जाणार होती. तपासणीचा आकडा पास होता. तरी माझ्याने सही करवत नव्हती.

मी तिथे कशी, ते आधी सांगते. मेडिकल कॉलेजातून रिटायर होऊन मी कारंज्याला राहायला आले, हे तुम्हाला माहीत आहे. माझा एक जुना विद्यार्थी, समीर, रक्तवाहिन्यांचा सर्जन होऊन वाशीमला परतला होता. एका मोठ्या शहरातल्या सेंटरबरोबर तो एक छोटी ट्रायल चालवत होता, सगळ्या परवानग्या घेऊन. आपल्या भागात अपघाताची माणसं दवाखान्यात उशिरा पोचतात. तुटलेली रक्तवाहिनी जोडता येते, पण तोवर पायाचा स्नायू तासन्‌तास रक्ताविना राहिलेला असतो. रक्त परत आलं तरी त्याच्यात जीव येत नाही. कधी कधी तो सडतो आणि पाय कापावा लागतो. समीरची ट्रायल अशा पायांसाठी होती. "मॅडम, मला हॉस्पिटलशी काही देणंघेणं नसलेला माणूस हवाय," तो म्हणाला होता, "मला तोंडावर नाही म्हणू शकणारा." विद्यार्थी असताना मी त्याला बरेचदा नाही म्हटलं होतं.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीत असलेल्या बारीक पिशव्या. प्रत्येकीला दोन कातडी, एक बाहेरचं आणि एक आतलं. आपण खाल्लेलं अन्न तिथे ऑक्सिजन लावून जाळलं जातं आणि त्यातून पेशीला काम करायची ताकद मिळते. रक्त बंद पडलं की या पिशव्या आधी बिघडतात. म्हणून कल्पना अशी की पेशंटच्याच चांगल्या पायातून स्नायूचा छोटा तुकडा घ्यायचा, तो काचेच्या खलात हलक्या हाताने चिरडायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून मायटोकॉन्ड्रिया वेगळे करायचे आणि ताबडतोब आजारी स्नायूत टोचायचे. उपाय चालतो की नाही, हे तेव्हा कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. म्हणूनच ट्रायल.

माझं काम होतं ते मायटोकॉन्ड्रिया धड आहेत का हे मोजणं. एका छोट्या बंद डबीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. त्यात हे सोडायचे आणि थोडं खाद्य द्यायचं. धड असतील तर ते संथपणे श्वास घेतात. मग त्यांना काम द्यायचं. लगेच श्वास वाढतो. काम संपलं की पुन्हा संथ. कामातला श्वास भागिले विश्रांतीतला श्वास, हा आमचा आकडा. फाटलेले मायटोकॉन्ड्रिया काम असो वा नसो, सारखे धापा टाकतात. न्यूट्रलमध्ये रेस केलेल्या इंजिनासारखे. आवाज भरपूर, गाडी जागेवर.

पेशंटला आपण सुमन म्हणू. ती आपल्या वाशीमकडच्या मालेगावजवळची. घरचं भाजीचं शेत. पहाटे नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे सांबाराचं गाठोडं धरून बाजाराला निघाली होती. सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर, तुमच्याकडे इडलीबरोबर मिळतं ते नव्हे. एका वळणावर गाडी घसरली. नवऱ्याचं कोपर सोलवटलं, हिचा उजवा गुडघा निखळला आणि मागची रक्तवाहिनी तुटली. समीरने ती जोडली. रक्त धावू लागलं, पण पिंढरी, म्हणजे पोटरी, निपचितच होती. सुमनने ट्रायलला होकार दिला. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, ती स्वतः जागी होती.

मायटोकॉन्ड्रिया काढले रेणुकाने. रेणुका जऊळक्याची, पुण्याला शिकून आलेली, कामाला चोख. तयार होताच तिने थोडे डबीत सोडून मोजले. आकडा आमच्या अटीच्या बराच वर आला. बाकीची कुपी बर्फात ठेवून ती टोचायच्या सुयांची तयारी करायला लागली. मी पेन उघडलं आणि सवयीने कुपी दिव्यापुढे धरली.

चांगल्या मायटोकॉन्ड्रियांचं पाणी गढूळ दिसतं, पातळ ताकासारखं. त्यातून पलीकडचं दिसत नाही. मला कुपीतून माझं बोट दिसलं.

"रेणुका, हे मघाशी असंच होतं?"

"खाली बसले असतील, मॅडम." तिने कुपी हलक्या हाताने उलटीसुलटी केली. पाणी ढवळलं गेलं, पण गढूळ झालं नाही. बोट दिसतच राहिलं.

मायटोकॉन्ड्रिया पाणी पिऊन फुगले की त्यांच्यातून उजेड आरपार जायला लागतो. फुगलेले पुढे फुटतात. हे मी आयुष्यभर शिकवलं होतं. पण शिकवताना भिंतीपलीकडे टेबलवर कुणी नसायचं.

इंटरकॉमवर समीर होता. "मॅडम, आम्ही तयार आहोत. आकडा चांगला आहे ना?"

"आकडा चांगला आहे. कुपी चांगली नाही."

"म्हणजे?"

"पुन्हा मोजते. थांब."

"मॅडम, हे बर्फात फार वेळ टिकत नाहीत. तुम्हीच सांगितलंय."

मी पुन्हा मोजायला लावलं. स्क्रीनवरची रेघ वर चढते की सपाट राहते ते पाहताना मी देवाचं नाव घेतलं, आणि मी प्रयोगशाळेत देवाचं नाव घेणारी बाई नाही. काम दिल्यावर रेघ किंचित हलली. बस्स. मघाचे मायटोकॉन्ड्रिया आणि आताचे, एकाच स्नायूतले, एकाच हाताने काढलेले. एवढ्या वेळात ते धापा टाकायला लागले होते.

रेणुकाचा चेहरा पांढरा पडला. एरवी ती माझ्याशी अर्ध्या इंग्रजीत बोलायची. आता थेट घरची भाषा बाहेर आली. "मॅडम, म्या काही चुकवलं काय? त्या बाईच्या पायाचं काही होईन काय?"

"अजून काही टोचलेलं नाही," मी म्हटलं. घाबरले की मी फार हळू बोलते. ती मला दोनदा "काय?" म्हणाली.

भीती कशाची, ते सांगते. हे टोचले आणि गुण आला नाही, एवढंच असतं तर चाललं असतं. पण फुटलेले मायटोकॉन्ड्रिया शरीराला जंतूंसारखे वाटतात. फार फार पूर्वी ते जंतूंचेच भाऊबंद होते, त्याच्या खुणा अजून त्यांच्या पोटात आहेत. पिशवी फुटली की त्या खुणा बाहेर सांडतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. सूज येते. सुमनच्या पिंढरीत आणखी सूज म्हणजे नुकतीच जोडलेली रक्तवाहिनी दाबली जाणार. आणि नाही टोचले, तर त्या स्नायूला द्यायला आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. दोन्हीकडून पाय माझ्या हातात होता.

मी इंटरकॉमवर सांगितलं, "ही कुपी मी आत सोडत नाही."

समीर बाहेर आला. मास्क खाली ओढलेला, कपाळावर टोपीचा वळ.

"मॅडम, कागदावर आकडा पास आहे."

"तो आकडा मघाचा आहे. तू आत्ता टोचणार आहेस."

"आणि नाही टोचलं तर? उद्या मी तिचा पाय गुडघ्याखालून कापू?"

मी कुपी बर्फात परत ठेवली.

दार उघडं राहिलं होतं. बाहेरच्या बाकावर सुमनची सासू बसली होती. ठेंगणी, कपाळावर मोठं गोंदण. ती आत डोकावून म्हणाली, "ओ बाई, तिच्याच मांडीतलं काढून तिच्याच पिंढरीत घालून राह्यले ना तुमी? घरचंच हाय. मंग ते नापास काहून होते?"

"बाई, वाटेत खराब झालं," मी म्हटलं.

"एवढ्याशा वाटेत? या खोलीतून त्या खोलीत? आमचं सांबार मालेगावपावतर जाते, तरी खराब होत नाई."

रेणुका त्याही अवस्थेत हसली आणि लगेच रडायला लागली. समीरने म्हातारीला बाकावर बसवलं. पण तिचा प्रश्न बरोबर होता, आणि मी तोच स्वतःला विचारत होते. एवढ्याशा वाटेत काय झालं?

मायटोकॉन्ड्रिया फुगवणारा पहिला संशयित म्हणजे कॅल्शियम. खडूत असतं, चुन्यात असतं, बोअरच्या जड पाण्यात असतं. म्हणून आमच्या सगळ्या द्रावणांत कॅल्शियमला पकडून ठेवणारं एक रसायन असतं. तपासणीच्या डबीतही असतं. फक्त शेवटच्या द्रावणात, कुपीतल्या, ते घालत नाहीत, कारण जखमी स्नायूत ते टोचायचं नसतं. हे मनात आलं आणि आमची चूक दिसली. आम्ही मायटोकॉन्ड्रिया छत्रीखाली तपासत होतो आणि पेशंटला छत्री काढून देणार होतो.

उरलेल्या थेंबांचे मी दोन भाग केले. एकात ते पकडणारं रसायन घातलं, दुसऱ्यात नाही. दोन्ही उजेड मोजायच्या यंत्रात ठेवले. दुसरा निवळत चालला. पहिला होता तिथेच थांबला. कॅल्शियमच.

पण कुठून? द्रावण तेच, मागच्या पेशंटला वापरलेलं. तेव्हा सगळं ठीक होतं. मी रेणुकाला विचारलं, "त्यानंतर काय बदललं?"

"काहीच नाही, मॅडम. धुवायच्या खोलीतला एसी तेवढा बिघडला. दुरुस्तीला दिलाय. तोवर कूलर लावलाय."

मे महिना होता. आमच्याकडे मे महिन्यात कूलर लावणं ही कुणाला गोष्टसुद्धा वाटत नाही. घोंगावणारा पत्र्याचा डबा, गवताच्या जाळ्या, त्यांच्यावरून ठिबकणारं पाणी. सकाळी आल्याआल्या मीही त्याच्यासमोर उभी राहून घाम वाळवला होता, बरं वाटलं होतं.

आता मी त्या खोलीत गेले. कूलरच्या बरोबर समोर काचेच्या कुप्या आणि खल वाळवायची घोडी. कूलरमध्ये बोअरचं पाणी. मी गवताच्या जाळीवर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. खिडकीबाहेर गच्ची, आणि गच्चीला उन्हासाठी नुकताच चुना मारलेला, सगळीकडे मारतात तसा. कूलर तीच हवा ओढून, स्वतःचे क्षार मिसळून, आमच्या धुतलेल्या काचांवर फुंकत होता. नंतर त्या कुप्या फॉइलमध्ये गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक होत होत्या. वाफेने जंतू मरतात, चुना मरत नाही. कुपी निर्जंतुक होती. स्वच्छ नव्हती.

हा अंदाज होता, आणि अंदाजावर एका जागत्या बाईची मांडी पुन्हा कापायला सांगण्याची माझी हिंमत नव्हती. खाली पॅथॉलॉजीत रक्तातलं कॅल्शियम रोज मोजतात. मी घोडीवरून काढून निर्जंतुक केलेली एक कुपी आणि कंपनीच्या पाकिटातली एक प्लास्टिकची कुपी, दोन्ही शुद्ध पाण्याने विसळून ते पाणी खाली पाठवलं. जिन्याशी उभी राहून वाट पाहिली. मनात एकच येत होतं, की दोन्ही सारखे आले तर? मग मला काहीच माहीत नाही, आणि भिंतीपलीकडच्या बाईला ते सांगायचं आहे.

खालून फोन आला. प्लास्टिकच्या कुपीत काही नाही. काचेच्या कुपीत कॅल्शियम आहे, आणि तिथला टेक्निशियन विचारत होता, "मॅडम, हे कोणाचं ब्लड आहे? फारच पातळ दिसतंय."

समीरला मी सगळं सांगितलं. तो घोडीकडे, मग कूलरकडे बघत राहिला. ट्रायलच्या नियमांत होतं की पहिला लॉट बाद झाला तर पेशंटची पुन्हा संमती घेऊन एकदाच दुसरा तुकडा घेता येईल.

"एकदाच," तो म्हणाला. "कमरेतलं इंजेक्शन उतरत चाललंय. दुसराही बाद झाला तर?"

"तर मी दुसऱ्यांदाही नाही म्हणेन."

"मग हे तिला तुम्ही सांगा."

मी टोपी-मास्क चढवून आत गेले. सुमन छताकडे बघत होती. चाळिशीची, उन्हाने रापलेली, ओठ सुकलेले. मी सांगितलं की पहिलं औषध आमच्या चुकीने बिघडलं, तिच्या पायाने नाही. आणखी एक तुकडा लागेल.

ती माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. मास्कच्या वर तेवढेच दिसत होते.

"तुमाले डर लागून राह्यला काय, बाई?"

"हो."

"मले बी." मग म्हणाली, "कायनं बिघडलं ते समजलं का पक्कं?"

"ते पक्कं समजलं. पण याने पाय वाचेलच, हे पक्कं नाही."

"मंग घ्या. त्या मांडीले तसंबी काई समजून नाई राह्यलं. पन आता नीट भांडं घ्या." आणि समीरकडे मान वळवून, "डाक्टर, माह्या सासूले सांगू नका दुसऱ्यांदा कापलं म्हून. ते अख्ख्या गावाले सांगन."

यावेळी रेणुकाने एसी बिघडायच्या आधी निर्जंतुक करून ठेवलेला खल घेतला आणि बाकी सगळं पाकिटबंद प्लास्टिक. मी तिच्या मागे उभी राहिले, मग लक्षात आलं की माझ्या उभं राहण्याने ती दर पायरीला मागे वळून बघते, म्हणून कोपऱ्यात जाऊन बसले. सेंट्रिफ्यूज थांबण्याची वाट पाहणं हे तसं माझ्या अंगवळणी पडलेलं काम. त्या दिवशी त्याचा आवाज माझ्या दातांत वाजत होता.

तयार झाल्यावर मी मोजू दिलं नाही. म्हटलं, "कुपी बर्फात ठेव. समीर सुई हातात घेईल तेव्हा मोजू. आणि डबीत आपलं नेहमीचं द्रावण नको. कुपीतलंच वापर."

"मॅडम, तशी अट लिहिलेली नाही."

"लिहू. आधी मोज."

तो थांबण्याचा वेळ सगळ्यात वाईट होता. मी कुपीकडे बघत होते आणि प्रत्येक क्षणाला मला ती निवळल्यासारखी वाटत होती. डोळे मिटून उघडले की पुन्हा गढूळ. शेवटी मी कुपीमागे बोट धरलं. बोट दिसलं नाही. मोजलं. काम दिलं, रेघ चढली. काम संपलं, रेघ बसली. आकडा अटीच्या वर होता, मघाच्या पहिल्या आकड्याहून थोडा कमी, पण हा त्या क्षणाचा होता. मी सही केली. सही नेहमीसारखी आली नाही.

समीरने पिंढरीत जागोजागी टोचलं. सुमन म्हणाली, "झालं? एवढंसंच?"

पुढचे दोन-तीन दिवस मी कारंज्यात घरी होते. सूज वाढली नाही. मग एका सकाळी समीरने कळवलं की अंगठा हलला. नंतर दोन बोटं काळी पडली, ती काढावी लागली. पाय राहिला.

"मॅडम, आपल्यामुळे राहिला का?" समीरने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नाही. कदाचित त्याने जोडलेली रक्तवाहिनीच पुरेशी होती. एका पायावरून काही सिद्ध होत नाही. ट्रायल संपली तरी त्या प्रश्नाचं उत्तर अर्धवटच आहे. मामा सांगतो त्या गोष्टीत पाय आजीने वाचवला. आजीने एक कुपी अडवली, एवढंच मोजलेलं आहे.

यातून शिकण्यासारखं एवढंच, की जी वस्तू द्यायची तीच मोजावी, ज्या भांड्यातून द्यायची त्यातली मोजावी, आणि द्यायच्या वेळी मोजावी. आधीचा चांगला आकडा हा फक्त आधीचा आकडा असतो. हे साधं आहे. तरी ट्रायलच्या नियमांत ते त्यानंतरच लिहिलं गेलं.

वाशीमची ती प्रयोगशाळा आता बंद झाली. यंत्रं शहरातल्या सेंटरला परत गेली. रेणुका तिथेच नोकरीला लागली आहे, आणि मोजायचा तो नियम तिथे अजून पाळतात. समीर हातपाय जोडतो, नव्या गोष्टींच्या मागे लागत नाही. सुमनचा उजवा पाय आहे. तीन बोटं आहेत. ती चालते.

तुमची,
आजी